सहा-चार-शून्य

बर्फाच्या कारखान्यावर, जिन्याच्या शेवटच्या खोलीत
सोसायटीचा सर्व्हर आहे.
खिडकीतून सुवर्णदुर्ग दिसतो; काचेवर मीठ एवढं
की किल्ला तिथे आहे हे आधी माहीत असावं लागतं.

खाली डिझेलचा पंप. नौकेचा नंबर टाकला
की माझ्याकडे एक ओळ पडते:
वेळ, नौका, लिटर, कोणाच्या हातून.
कोणी आलं नाही तरी पंप दर मिनिटाला
नुसता 'आहे' म्हणून जातो.
हे कोणी वाचत नाही. मीही नाही.

रत्नागिरीहून ऑडिटला आली ती शेवडे,
माझ्या भाचीएवढी. चहा निवला तरी यादीतच.
एकसष्टाव्या मुद्द्यावर थांबली.
"या लॉगची मालकी पंपाच्या खात्याकडे कशी?"
म्हटलं, लिहितो तो. ज्याचं अक्षर त्याची वही.
"म्हणजे ज्याच्याबद्दल लिहिलंय
त्याच्याच हातात खोडरबर."
लाल खूण केली आणि बासष्टावर गेली.

काम दोन मिनिटांचं.
मी आठ दिवस केलं नाही.

कारण जुलैतली एक रात्र.
मासेमारी बंद, होड्या झावळ्यांनी शाकारलेल्या,
आणि लॉगमध्ये दोन वाजून दहाच्या खाली
लगेच दोन एक्केचाळीस.
तीस वेळा 'आहे' म्हणायचं राहिलेलं.
मधे बोटभर जागासुद्धा नाही.

सातबाऱ्यावर बरं असतं.
मेलेल्याचं नाव कंसात टाकतात,
शेजारी फेरफाराचा नंबर;
गेलेला माणूस कंसात का होईना, बसून राहतो.

हरेश दोरकुळकर त्या रात्रीपासून घरी नाही.
नौकेचा मालक म्हणतो, बंदीत कोण जातंय?
टोकन नाही, डिझेल नाही, म्हणजे गेलाच नाही.
मथुरा तीनदा हा जिना चढून आली.
"तुमच्या मशिनीत असंल ना काय तरी?"
मी पडदा तिच्याकडे वळवला.
तिला वाचता येतं. तिने दहा वाचलं, एक्केचाळीस वाचलं,
आणि पदराने काच पुसली, पडद्याची,
मीठ असेल म्हणून.

पंपाच्या खात्याचा पासवर्ड
कॅलेंडरमागे चिकटवलेला आहे.
अक्षर माझं.

आमच्या गावच्या शिवेवर मूळपुरुषाचा दगड आहे.
त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही.
कौल देत नाही, नवस घेत नाही;
त्याच्यासमोर खोटं बोलत नाहीत, एवढंच.
साहेबाच्या भाषेत त्यालाच रूट म्हणत असावेत.

नवव्या दिवशी, लिलाव सुरू व्हायच्या आधी,
मालकी बदलली.
मालक: रूट. गट: तपासणीचा.
सहा, मालकाने वाचावं, लिहावं.
चार, गटाने नुसतं वाचावं.
शून्य, बाकी सगळे.
शून्यात पावसेभाऊ, शून्यात चेअरमन,
रोजच्या नावाने आत आले तर मीसुद्धा.
आणि मथुरा. तिच्यासाठी वेगळा आकडा
शोधला मी. नाही.

पंप आता फक्त सांगतो, लिहितं दुसरंच कोणी.
पहिली ओळ माझीच पडली:
मालकी बदलली, चार बावन्न, कोणी.
ती आता मलाही खोडता येणार नाही.
आधीच्या तीस ओळी
यामुळे परत येत नाहीत. शेवडेच्या यादीत
त्याला मुद्दा नव्हता.

सातच्या सुमारास पावसेभाऊ वर आले, धापा टाकत.
"परवानगी नाय म्हणतंय. आमच्यावर इस्वास नाय?"
म्हटलं, भाऊ, कॅलेंडरमागचा कागद काढून आणा.
आणला. दोघांनी पाहिला.
त्यांनी विचारलं नाही हे अक्षर कोणाचं,
मी विचारलं नाही त्या रात्री कोण होतं खाली.

बंदरावर सुरमईचा भाव पुकारत होते.
पडद्यावर पंप:
आहे.
आहे.