घर बंद

दिघंचीच्या पुढं, झऱ्याच्या रस्त्याला
माझे तीनशे बारा मीटर.
पेटी उघडायच्या आधी नखानं टकटक करतो.
आत कोण आहे, विचारावं लागतं.

म्हाळाप्पा कोळेकराच्या पेटीत गांधीलमाश्या.
लाकूड चावून चावून केलेलं कागदाचं पोळं,
कागद आमच्या ऑफिसातल्यापेक्षा बरा.
तिथलं रीडिंग मी लांबनं घेतो, मोबाईल झूम करून.
एकदा आळस केला,
तर आठवडाभर डावा डोळा मिटलेला.
म्हाळाप्पा हसला :
तू बिल देतोस, ती पावती देती.

सरगरांच्या डाळिंबाला बहर धरलाय,
मधमाश्यांच्या पेट्या आल्यात भाड्यानं.
फवारणी आता अंधार पडल्यावर.
मालक, गडी, ट्रॅक्टर
सगळे माश्यांची पाळी बघून जेवतात.
आणि बांधावरच्या जळक्या स्टार्टरच्या भोकातनं
बिनभाड्याची कोती माशी
मेणाची नळी काढून बसलेली.
डंख नाही तिला. फार तर केसांत शिरते.

शाळेमागं माळावर मुंग्यांचं खळं.
बिळाभोवती टरफलांचं गोल कडं,
भिजलेलं कुसळाचं बी उन्हाला घातलेलं.
मास्तरांनी भोवती चुन्याची रेघ मारलीय :
चेंडू हिकडं आला तर आउट.

शेवटचा मीटर पुसावळ्यांचा.
माणसं सालेमला, गलाईला.
चार वर्षं कुलूप,
आणि कुलपाच्या भोकात चिखल.
कुंभारणीनं हापशाखालची ओल
गोळी गोळी करून आणलेली.
मीटरच्या काचेवर तिची सहा गाडगी.
एक मागं माझ्या हातनं फुटलं होतं :
वर धाग्याला टांगलेलं एक अंडं,
खाली हिरव्या अळ्या,
मेलेल्या नाहीत, हलतही नाहीत.
एवढी शिदोरी भरून, तोंड लिंपून
ती गेली ती गेलीच.
पोराचं तोंड बघायला थांबत नाही ही जात.

मशीनमध्ये मला पर्याय तीन :
चालू, नादुरुस्त, घर बंद.

सालेमहून फोन येतो.
बिल किती आलं ओ?
नुसता स्थिर आकार, म्हणतो मी.
कोण ऱ्हात नाही तरी?
कोण ऱ्हात नाही तरी.

आज बघितलं तर एका गाडग्याला
आतनं पाडलेलं भोक,
ज्वारीच्या दाण्याएवढं. कडेला ओला चुरा.

कुलूप काढायला याल तेव्हा
आधी मला एक फोन करा, म्हणालो.
का, ते सांगितलं नाही.