टेबल नंबर चौदा

रात्रीचे सव्वाबारा. सराफ्यात गराडू कढईतून निघतोय
आणि बाकावर आमची कचेरी भरली आहे:
टोकेकर, रईस भिया,
आणि बिडवयांचा उल्हास, ज्याला आतलं सगळं कळतं.

"ठरलेलंच होतं," उल्हास म्हणतो,
तोंडात गरम फोड, म्हणून शब्द या गालातून त्या गालात.
"बिबट्याचा करार डिसेंबरात संपतो.
जाणाऱ्यासाठी टेबल फुटत नसतं, भिया."

दसरा मैदानावर आज टेबल फुटलं नाही.
वरच्या दोरावरून काळा बिबट्या हात पसरून सुटला,
चार हजार माणसांनी श्वास आत घेतला,
आणि सोडायच्या वेळी बघतात तर
फळी जशीच्या तशी,
तिच्यावरून माणूस घसरतोय
ओल्या सतरंजीसारखा.

अर्ध्या तासापूर्वी मात्र
पाहुण्यांच्या मंचावर पार्षदसाहेबांनी
हारांशेजारी नुसतं कोपर टेकलं
तर टेबल मधोमध दुभंगलं.
पेढे, शाली, गणपतीची मूर्ती, सगळं पायांवर.
काय हसलो आम्ही!
"तेही ठरलेलं," उल्हास. "आधी हसवायचं."

टोकेकर मान हलवतात. बँकेतून निवृत्त,
प्रत्येक लढतीची वही ठेवतात, शाईने.
"मोजणी बघा पंचाची.
एक. लगेच दोन. आणि मग
मी चष्मा काढला, पुसला, घातला,
तेव्हा कुठे तीन.
एवढा वेळ कोणी फुकट देत नाही.
त्या वेळात आत काहीतरी ठरत होतं."

"ठरायचं काय?" रईस भिया चटणी चाटत.
"भीमाला जिंकायचंच नव्हतं.
पट्टा कसा धरला बघितलंत ना?
मशिदीबाहेर दुसऱ्याची चप्पल पायात आल्यासारखा."

मी लिंबू पिळतो. जिरावण जास्त पडतं.

माझं टेंट हाऊस आहे, नंदलालपुऱ्यात.
खुर्च्या माझ्या, गालिचे माझे, टेबलंही.
दुपारी गळ्यात ओळखपत्र घातलेला एक पोरगा आला,
खालून करवतीने अर्धं कापलेलं टेबल दाखवलं,
म्हणाला, हे रिंगजवळ. नीट लक्षात ठेवा, काका.
ठेवलं लक्षात.
मग वीज गेली. सात मिनिटं.
दोन्हींवर निळी झालर मीच लावली होती,
चुण्यासुद्धा सारख्याच.

चौदा नंबर सागवानी आहे.
त्याच्यावर मी तीन माणसं नाचताना पाहिली आहेत,
वरातीत, बूट घालून.

"ती कैची पण ढिली होती," टोकेकर लिहितात. "ढिली."
मी रिंगच्या कडेला वाकून बसलो होतो, वायरींच्या गुंत्यात.
भीमाने मानेला कैची घातली होती
ती मान हलू नये म्हणून.
गुरगुरत होता लोकांसाठी,
आणि मधल्या मधल्या श्वासात
नाव घेत होता बिबट्याचं, घरातलं,
जे मी इथे सांगणार नाही.
पंच दोनवर थांबला होता
कारण त्याला पापणी हललेली बघायची होती.

आता एमवायमध्ये आहे तो. दोन बरगड्या.
एक्स-रेवाल्याला मुखवटा काढू देत नव्हता म्हणे.
शेवटी वरूनच काढला फोटो,
कवटीभोवती टिकल्यांची झालर आली आहे.

"तू तर आत होतास, भिया," उल्हास वळतो माझ्याकडे.
"सांग ना. कोणी बदललं शेवटी?"

तिघंही थांबतात. टोकेकरांचं पेन वर.
कढईत पुढचा घाणा पडतो.

"मुंबईहून फोन आला होता," मी म्हणतो.

"बघा!" उल्हास मांडीवर थाप मारतो.
टोकेकर लिहून घेतात. वेळ विचारतात.
मी वेळही सांगतो.

टेम्पो राजवाड्यापाशी उभा आहे.
चौदा नंबरवर ओरखडा नाही,
कडेला एक काळी टिकली चिकटली आहे फक्त.
नखाने निघेल.
सकाळी सातला रामबागेत मुंज आहे,
त्यांना भिक्षावळीची ताटं ठेवायला
पक्कं टेबल पाहिजे.