चाळीस डोस्की

ठमाबाईच्या आढ्याला एक दोर टांगलाय
पळसाच्या मुळीचा, चुलीच्या धुरानं काळा.
त्यात गाव आहे.
दोन वीत पाच बोटं : नत्थू ढिवर.
त्याच्या खालची, जरा तिरकी बसलेली गाठ बिसन कोहळीची,
ज्याचं डोकं जन्मापासून एका बाजूनं चपटं.
अंधारातही ती दोर चाचपून सांगते
कुणाचं पोर किती वाढलं,
कुणाची गाठ आता सोडायला हवी.
सोडत मात्र नाही.
"मेला म्हून का त्याचं डोस्कं दुसऱ्याचं होते?"

शिंदी नाल्याकाठी.
माघात पहाटे जायचं,
शेंड्यातलं मिटलेलं पान काढायचं,
पिवळसर, वासराच्या कानासारखं.
एका झाडाचं एकच.
दुसरं मागितलं तर झाड काटा देतं.
(तिच्या डाव्या अंगठ्यात एक अजून आहे,
थंडीत बोलतो.)
मग दिवसा सावली, रात्री दव,
तीन राती, चार राती, पान म्हणेल तेवढ्या.
नखानं शीर सोलायची,
ओल्या लुगड्यात गुंडाळून ठेवायची.
सात पात्यांची वेणी,
आणि वीस हात वेणी झाली की
माथ्यापासून गोल गोल शिवत यायचं,
कुत्रं बसायच्या आधी स्वतःभोवती फिरतं तसं.
घाई केली की टोपी रुसते,
काठ वर उचलून बसते.

पूर्वी रोवण्याच्या दिवसांत
बांधीत माणसं दिसायची नाहीत,
नुसत्या टोप्या सरकायच्या चिखलावरून.
नवरदेवाचा मोरही ह्याच पानाचा :
मिरवायला आणि राबायला एकच झाड.
मग बियाण्याच्या कंपनीनं टोप्या वाटल्या,
नाव छापलेल्या, लाल.
"फुकटच्या टोपीत ऊन बी फुकट," ठमाबाई म्हणाली,
आणि फडे बांधायला लागली.

औंदा जंगलाच्या गेटाकडून रिसॉर्टचा माणूस आला.
चाळीस पाहिजेत. एका मापाच्या.
"कोणाची डोस्की?"
डोकी नाही आजी, भिंत.
ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.
"भिंतीले कोणतं माप लावू, बावा?"
पाण्याच्या लोट्याखाली आगाऊ पैसे ठेवून तो गेला.

माझ्या मोटारसायकलवर चार खेपा झाल्या.
तिथल्या पोट्ट्याला मी तिचंच सांगणं सांगितलं :
एकात एक कोंबू नको.
काठाला धरून उचलू नको, माथ्याखाली हात घाल,
तान्ह्याला घेतोस तसा.
पुसायचं ओलसर फडक्यानं, वाळवायचं सावलीत.
वर्षातून एकदा मोहाच्या टोळीचं तेल,
आणि पावसाळ्यात धूर.
तो म्हणाला, सर, इथं एसी आहे.

शिडीवर चढून तो एकेक खिळ्याला लावत होता,
तेव्हा माझ्या लक्षात आलं,
एकही दुसरीसारखी नाही.
फरक बोटाचा, अर्ध्या बोटाचा.
वरून तिसरी एका बाजूनं चपटी.
नत्थू ढिवर स्विचबोर्डाशेजारी.
आणि खिडकीच्या वर, मागून जरा उतरती,
पुढून रुंद,
माझा बाप.

मी शिडी धरून उभा होतो.
पोट्टा म्हणाला, सर, जरा सरळ आहे का बघा.
आहे, म्हटलं.

काल फोन आला :
जेवणाऱ्यांच्या ताटात भुसा पडतोय,
बारीक, पिवळा.
ठमाबाई बिनदाताचं हसली.
"आत डोस्कं नसलं का भुंगेरे राहाले येतेत.
टोपीले घाम लागते."
उठून तेलाची बाटली घेतली, चिंधी घेतली,
मग आढ्यावरचा दोर काढून कमरेला खोचला.
तो कायले, मी विचारलं.
"पाहाले नको का,
कोण कोठं लटकला तं?
गाडी चालू कर."