दावला

फौजदारी अपील दाखल झालं
की साक्षी येतात माझ्या टेबलावर.
मी त्यांना इंग्रजीत नेते,
पानाला ठरलेल्या दराने.

आज शेषेराव टोम्पे, बोलेरोवरचे ड्रायव्हर, राहणार परतूर.
"वडीगोद्रीच्या म्होरं गाडी आडवली.
त्या पोरानं कट्टा दावला.
म्हनला, उतर खाली.
म्या म्हनलं, हिचा गेर अटकतो,
तुला जमायचं न्हाई."

उलटतपासात वकील विचारतात,
आरोपीचा हात कापत होता का?
"व्हता की. माजाबी."

कट्टा दावला.
म्हणजे नुसता दाखवला, की रोखला?
खालच्या कोर्टाने रोखला धरला
आणि सात वर्षं दिली.
अपिलाचा अख्खा तिसरा मुद्दा
या एका क्रियापदावर उभा आहे
आणि क्रियापद माझ्या हातात,
चहा गार होतोय.

माझी आई परतूरकडचीच.
ती आम्हाला चांदोबा दावायची,
बोहारणीला जुनी लुगडी,
आणि फार चिडली की उलथनं.
कधी मारलं नाही.
पण आम्ही पळायचो.

शब्दकोश मिटला.
पुढचं वाक्य सोपं होतं, आधी तेच केलं:
"त्याला गेर पडंना.
घामाघूम झाला.
मंग म्हनला, काका, तूच चालव."

पाच वाजता शिपाई गठ्ठा न्यायला आला.
त्या जागी मी इंग्रजी शब्द लिहिला,
खोडला,
दुसरा लिहिला,
आणि शेजारी, कंसात,
देवनागरीत, ठळक,
शेषेरावांचाच ठेवून दिला.

साहेब विचारतील, हे काय.
विचारू देत.