तीन कागद

कुपवाडला, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
जिथं कॉम्प्रेसर बंद पडला की
शेजारच्या बेकरीतलं बोलणं ऐकू येतं,
दस्तगीर शिकलगारांच्या शेडमध्ये
मी पहिली दोन वर्षं नुसती हेडं धुतली.
डिझेल, ब्रश, काजळी.
उसाच्या ट्रकांची, बोअरच्या गाड्यांची,
मोरचुदानं निळ्या पडलेल्या ट्रॅक्टरांची.
बायको म्हणायची, जेवताना तरी हात बदलून या.

तिसऱ्या वर्षी चाचा म्हणाले,
आज तू बांध.

दुधगावच्या बाबगोंडा चौगुल्यांचं हेड होतं,
एका एक्झॉस्ट सीटला नखाएवढी चीर.
बेड फडक्यानं पुसला, मग तळहातानं पुसला;
फडक्याला न कळणारा कण तळहाताला कळतो,
एवढं तोवर शिकलो होतो.
हेड ठेवलं, चारी कोपऱ्यांवर क्लॅम्प,
आणि पान्यावर अख्खं अंग टाकलं.
हलायला नको.
दोन वर्षं वाट बघितली होती मी.

पायलट गाइडमध्ये तूप उतरावं तसा उतरला.
कटर फिरला, काळा कोरडा चुरा पडला,
सीट उजळली.
डायल लावला तर काटा जागचा हलेना.
मी चाचांकडे बघितलं.
ते तंबाखू मळत होते.
"आता सोड," म्हणाले, "आणि परत बघ."

नट ढिले केले.
आत कुठंतरी टक् झालं,
झोपेतल्या माणसानं कूस बदलावी तसं.
काटा सहा शतांश गेला, आला, पुन्हा गेला.
जे गोल कापलं होतं
ते बांधलेलं होतं तोवरच गोल होतं.

ओरडले असते तर बरं झालं असतं.
त्यांनी विडीच्या बंडलाचा कागद फाडून
तीन पट्ट्या केल्या, तीन टेकूंवर ठेवल्या,
वर हेड.
"ओढ."
पहिली निघेना. दुसरी निघेना. तिसरीही.
"तुझ्या आजीची चूल किती दगडांची?"
तीन.
"डुगडुगायची?"
नाही.
"मग चौथा दगड कुणाच्या भल्यासाठी घालत होतास?"

चौथा टेकू शेवटी. खालून, बोटांनी फिरवत,
नुसता लागेल इतकाच, पाहुण्यानं उंबऱ्याला पाय लावावा तसा.
क्लॅम्प टेकूच्या बरोबर वर, पोकळीवर कधीच नाही.
आणि पाना दोन बोटांत.
दोनच. मी तिसरं लावलं की ते खोकायचे.

ती सीट वाया गेली. मोठ्या मापाची मागवली,
पैसे माझ्या पगारातून.
ऐन गाळपात दोन दिवस बाबगोंडा
उलट्या क्रेटवर बसून राहिले,
बोटांवर बुडालेल्या खेपा मोजत.
मला काही बोलले नाहीत.
अजूनही गाडी आणतात, अजूनही नाहीत बोलत.

गेल्या थंडीत चाचांच्या उजव्या डोळ्यातला
मोतीबिंदू मिरजेत काढला.
परत आले ते हिरवी पट्टी लावून, आणि आल्या आल्या,
चहा यायच्या आधी, सांगायला लागले,
"डोक्याखाली एक रबरी कडं. कपाळावर एक पट्टी.
बस्स. कुणी दाबलं नाही रे.
आणि हलायची माझी टाप नव्हती."
मग बराच वेळ आमच्या बेडकडं बघत बसले.
"असलं फिक्श्चर आपल्याकडं नाही."

डावा डोळा अजून राहिलाय. सीझन संपल्यावर, म्हणतात.
डायल आता मी वाचतो.
त्यांना काटा दिसतो, आकडे दिसत नाहीत,
हे दोघांनाही माहीत आहे.
पण हेड चढलं की ते उठून येतात,
कागदाचं टोक चिमटीत धरतात, ओढतात.
निघत नाही.
थोडं थांबतात.
पुन्हा ओढतात.