कानस

हार्लेमच्या त्या तळघरात आल्त्ये
छप्पन सालापासून बायका घासत होती.
आधी प्लास्टरच्या, मग फायबरच्या.
दुकानांच्या काचेमागे उभ्या राहणाऱ्या.

पहिल्याच हिवाळ्यात मुकादम म्हणाला,
कंबर मुठीत मावली पाहिजे.
मावली.
दहा वर्षं झाली नाहीत तोच वरून निरोप:
छाती काढा, पोरासारखी हवी,
पापण्या मात्र लांब.
तिनं कानस उचलली.
काल थापलेलं सगळं
भुकटी होऊन तिच्याच केसांत बसलं.

मधे एकदा खांदे आले,
दारातून आडवे न्यावे लागत.

आणि मग बरगड्या.
पॅरिसहून फोटो आले होते, नमुन्यासाठी.
तिनं ते पाकीट उघडलंच नाही.
चव्वेचाळीसच्या उपासमारीत
ट्यूलिपचे कंद उकडणारी आई
रात्री कपडे बदलायची तेव्हा
सहा वर्षांची आल्त्ये जागी असायची.
एकेक बरगडी तिनं न चुकता कोरली.
आई त्यांवर दोन कोट चढवायची.
इथे त्यांवर रेशीम सोडलं, पाठीला टाचण्या लावून.
मुकादमाचा मुलगा म्हणाला, काय हात आहे तुझा!
त्या दिवशी ती जेवायला घरी गेली,
आणि खूप जेवली.

परवा योरिसचा फोन.
कारखाना आता तो बघतो, नातू.
म्हणाला, आजी, जुने साचे आहेत का कुठे?
नितंब परत आलेत.

परत?
गेले कुठे होते, तिनं विचारलं,
आणि दोन्ही हातांत कॉफीचे पेले म्हणून
दार नेहमीसारखं
कुल्ल्यानं ढकललं.