चादर बदलतो, म्हणाला

चौथ्या आठवड्यात मोरेश्वर
दिवसातून दोनदा चादर बदलू लागला.
मी म्हटलं, काय सण आहे?
म्हणाला, उकाडा आहे.
खारीगावात उकाडा कधी नसतो,
खाडीवरून येतो तो वारासुद्धा घामेजलेला.
पण अठ्ठावीस वर्षांत या माणसाने
उशीचा अभ्राही कधी बदलला नव्हता.

पाठ माझी, पण मला ती कधी दिसली नाही.
एकोणीस वर्षं तिच्या जिवावर उभी राहिले,
खोपट ते बोरिवली, घोडबंदरच्या खड्ड्यांतून,
एक हात दांडीला, एक तिकिटांना.
डबल बेल दिली की मणका आधी निघायचा, मी मागून.
शेवटी दोन मणक्यांचं भांडण मिटवायला
चार स्क्रू, दोन सळ्या,
मधे माझ्याच कमरेच्या हाडाचा चुरा.
डॉक्टर म्हणाले, हळूहळू एकच हाड होईल.
लग्नात धवलारीणही असंच काहीतरी गात होती.

तेविसाव्या दिवशी थंडी वाजली.
एप्रिलमध्ये.
ब्लाउज मागून ओला. मला वाटलं, घाम.
मोरेश्वरला माहीत होतं.
रबाळ्याच्या केमिकल कंपनीत जन्म घालवलेलं नाक,
झाकण उघडायच्या आधी ड्रम ओळखणारं.
त्याला दोन दिवस वास येत होता.
बायकोला कसं सांगतात
की तुझ्या पाठीला वास येतोय?
म्हणून चादर.

पुन्हा पाचपाखाडी. पुन्हा पालथं.
टाके उसवले, बाटल्यांवर बाटल्या पाणी ओतलं,
पहाटे डेपोत मुक्कामी गाडी धुतात तसं,
सीटांखालचे भेळेचे कागद, कुणाची उलटी, सगळं.
स्क्रू मात्र काढले नाहीत.
हाड जुळेपर्यंत राहू देत, डॉक्टर म्हणाले,
धातूवर बसलेला जंतू लवकर उठत नाही,
सहा आठवडे शिरेतून औषध,
मग गोळ्या, मग बघू.
त्या बघूला तारीख नव्हती.

रिपोर्टवर जंतूचं नाव लांबलचक.
सिस्टर ब्लेसी म्हणाली, बाहेरचा नाही हो ताई,
आपल्या कातडीवरच राहतो, सगळ्यांच्या.
म्हणजे माझ्याबरोबरच होता इतकी वर्षं,
पाठीवर बसून, फुकट.
आणि मी, जिने सीटखाली दडलेली पोरं
चपलेच्या टोकावरून शोधून काढली,
मला पत्ता नाही.

एक गोष्ट मीही सांगितली नव्हती.
ऑपरेशन साखरेपायी दोनदा पुढे गेलं होतं.
तिसऱ्या वेळी मी दोन दिवस जेवलेच नाही.
आकडा शहाण्यासारखा आला.
हे डॉक्टरांना नाही, मोरेश्वरला सांगितलं,
रात्री, भिंतीकडे तोंड करून.
तो काही बोलला नाही.
चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला तेवढा.

आता ड्रेसिंग तोच करतो.
हात कोपरापर्यंत धुतो, मोठ्याने चाळीस मोजत,
मग टेबललॅम्प ओढतो जवळ.
इतक्या उजेडात त्याने माझी पाठ
कधी पाहिली नव्हती.
दोघांनाही ते कळतंय,
आणि दोघंही पंख्याच्या आवाजाबद्दल बोलतो.
मी विचारते, किती उरलीय?
नखाएवढी.
कुठल्या बोटाच्या?
थांबतो. खरंच आपली बोटं बघतो.
अंगठ्याच्या. काल पण अंगठ्याच्याच होती.

महिन्यापूर्वी करंगळी म्हणाला असता.

शुक्रवारी पुन्हा रक्त द्यायचंय.
या वेळी जेवून जाणार आहे.